म्हैसमाळ आणि शूलिभंजनचा माळ: एमटीबीसाठी कोणती वाट कुणाच्या जोगी

खुलताबादच्या वर म्हैसमाळपासून शूलिभंजनपर्यंत पसरलेला माळ ही एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांवरची माउंटन बाइक, शिकायला आणि हात बसवायला मराठवाड्यातली सगळ्यात चांगली जागा आहे. म्हैसमाळची उंची 1067 मीटर. छत्रपती संभाजीनगर शहर साधारण 500 मीटर खाली राहतं, त्यामुळे वर हवा तीनेक अंशांनी गार लागते. माथ्यावर आणि उतारांच्या कुशीत तळी आहेत, त्यांच्याभोवती गाडवाटा आहेत, आणि कडेला गेलं की सरळ खाली उतरणाऱ्या पायवाटाही आहेत. सात वर्षांचं पोर आणि दहा वर्षं सायकल दामटणारा गडी, दोघांनाही एकाच सकाळी आपापल्या जोगी वाट मिळते.

पण इथे सायकलसाठी म्हणून बांधलेलं काहीच नाही. पाट्या नाहीत, वळणावर उचललेली माती नाही, हिरवी-निळी-लाल-काळी अशी रंगांची वर्गवारी नाही. परदेशातल्या ट्रेल सेंटरांत ही वर्गवारी चढ, वाटेची रुंदी आणि अडथळ्यांची उंची बघून ठरवतात. तोच हिशेब इथे लावला तर फसायला होतं, कारण इथली वाट अवघड की सोपी हे चढावर कमी आणि मातीवर जास्त ठरतं. सपाट, रुंद, बैलगाडीची वाट जुलैच्या पावसात कुणालाही पार होत नाही. तीच डिसेंबरात लहान मुलांची वाट असते. म्हणून पुढचा सगळा अभिप्राय माती धरून दिला आहे.

माळाचा पाया काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. तो झिजून जिथे आहे तिथेच राहिला तो मुरूम, आणि वाहून खोलगटात साचला ती काळी माती. उंचवट्यावरून, पाणलोटाच्या पाठीवरून जाणाऱ्या वाटा बहुतेक मुरमाच्या असतात. वावरांमधून, नाल्याच्या कडेने आणि तळ्यांच्या वरच्या अंगाने जाणाऱ्या वाटा काळ्या मातीच्या. नकाशावर दोन्ही सारख्याच दिसतात. उपग्रहाच्या चित्रात फरक कळतो: फिकट तांबूस-करडी रेघ मुरमाची, गडद रेघ काळ्या रानाची. निघण्याआधी एवढं बघून घेतलं तर अर्धं काम झालं.

मुरूम पावसाचं पाणी लवकर सोडतो. चांगला पाऊस होऊन दोन कोरडे दिवस गेले की तो आतून ओला, वरून घट्ट असा बसतो आणि टायरला उत्तम पकड देतो. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमधले असे दिवस या माळावरचे सगळ्यात मोलाचे. फेब्रुवारीनंतर तो भुसभुशीत होतो, वर बारीक गोट्यांचा थर साचतो आणि वळणावर पुढचं चाक बाहेर फेकलं जातं. यावर उपाय एकच: ब्रेक वळणाच्या आधी सरळ वाटेवर मारून घ्यायचा, वळणात सोडायचा, बाहेरचा पेडल खाली दाबून सायकल झुकवायची आणि छाती हँडलच्या जवळ आणायची. नवखे लोक घाबरून मागे सरकतात, पुढच्या चाकावरचं वजन जातं आणि ते हमखास घसरतं.

काळ्या मातीचं दुखणं वेगळं. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरला थर धरत जाते. 2.25 इंची टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकालगतच्या फ्रेमच्या नळ्या) यांच्यात बहुतेक सायकलींना दोन्ही बाजूंनी 5 ते 8 मिलिमीटरच जागा असते. शे-दोनशे पावलांत ती भरते आणि चाक अडकतं. त्यावर जोर लावून पेडल मारला की गाळ आणि गवत मागच्या डेरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रात) ओढलं जातं आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर वाकतो किंवा तुटतो. चाक जड फिरायला लागताच उतरा, काडीने चेनस्टेजवळचा आणि पुढच्या फोर्कच्या कमानीतला गाळ काढा, सायकल खांद्यावर घ्या आणि बांधाच्या गवतावरून चाला. ढकलत नेऊ नका, त्याने गाळ आणखी भरतो. खरं तर पावसात काळ्या रानात शिरूच नये. चाकोऱ्या पडलेली वाट वाळून दगडासारखी होते आणि पुढचे चार-सहा महिने शेतकऱ्याच्या गाडीला त्रास देते.

आता वाटा.

अगदी नवखे, लहान मुलं आणि बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसणारे यांनी सुरुवात म्हैसमाळच्या माथ्यावरच करावी. वाहनातून सायकल वर आणा. गिरिजामाता मंदिर, बालाजी मंदिर आणि दूरदर्शनचा मनोरा यांच्या आसपासचे आतले रस्ते सौम्य चढउताराचे आहेत. डांबर सोडून शंभर पावलं मुरमावर जायचं, परत डांबरावर यायचं, असं करत हात बसवता येतो. 20 इंची चाकाच्या एकगिअरी सायकलवरच्या मुलाला 5 किलोमीटर पुष्कळ झाले. 24 इंची गिअरच्या सायकलवर दहा-अकरा वर्षांचं मूल 10 ते 12 करतं. बाजारात मिळणारी जड, लोखंडी, पुढे-मागे शॉकअप असलेली स्वस्त सायकल इथे चालून जाते. तिच्यावर कड्याच्या वाटेने मात्र उतरू नका. त्या सायकलीचे मागचे शॉकअप पेडल मारताना ताकद खातात आणि उतारावर नुसते आपटतात.

माथ्यावरच्या तळ्याकाठी जाताना पाण्याच्या कडेपासून अंतर ठेवा. उन्हाळ्याकडे पाणी मागे हटतं आणि कोरडा दिसणारा पट्टा उघडा पडतो. वर पापुद्रा, खाली गाळ. चाक अर्धं आत जातं. जनावरं पाण्यावर जातात ती वाट शोधा, ती कठीण झालेली असते. जनावरं पाण्यावर असतील तर थांबा. म्हशी बिचकत नाहीत, शेळ्या-मेंढ्या उधळतात, आणि कळपाबरोबरची कुत्री सायकलमागे लागतात. कुत्रं धावून आलं तर उतरून सायकल मध्ये धरून चालायला लागणं हाच खात्रीचा मार्ग.

शूलिभंजनची बाजू आम्हांला म्हैसमाळपेक्षा जास्त आवडते. संत एकनाथांच्या तपाचं ठिकाण म्हणून इथलं दत्तमंदिर आणि सूर्यकुंड प्रसिद्ध आहे. खाली परियों का तालाब आणि त्याच्या काठचा दर्गा. गर्दी कमी, मोकळा माळ, आणि उंचवट्यावरच्या मुरमाच्या वाटांवरून दूरवर नजर पोचते. चार-सहा महिने नियमित सायकल चालवणाऱ्याला ही बाजू जमते. चढ लांब नाहीत, पण तुटक आणि खडे आहेत. अशा चढावर उभं राहून पेडल मारला की मागचं चाक मुरमावर जागीच फिरतं. बसूनच राहायचं, सीटच्या टोकावर सरकायचं, कोपर खाली सोडायचे आणि चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकायचा. ताण असताना गिअर बदलला की चेन तुटते ती इथेच. पुढे 32 दात आणि मागे 46 किंवा त्याहून मोठी चकती असेल तर बहुतेक चढ बसून निघतात. मागे 34 वर संपणारा कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) असेल तर दोन-तीन ठिकाणी चालायची तयारी ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

मंदिर आणि दर्ग्याच्या आवारात सायकलवरून उतरून चाला. उरुसाच्या दिवसांत तळ्याकडे जाऊच नका.

तिसरा प्रकार कड्याच्या पायवाटांचा, आणि तो फक्त कसलेल्यांसाठी. बांधलेल्या ट्रेलमध्ये एक नियम पाळतात: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही आणि सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास राखायचा. त्यामुळे पाणी वाट ओलांडून खाली जातं. इथल्या पायवाटा माणसांनी आणि शेळ्यांनी जवळची वाट म्हणून पाडल्या आहेत, सरळ पाण्याच्या ओघाने खाली. पावसाळ्यात त्यांचेच ओहोळ होतात, माती धुऊन जाते आणि उरतात ते सुटे धोंडे. म्हणून दर पावसाळ्यानंतर वाट बदललेली असते. गेल्या वर्षीची रेकॉर्ड केलेली जीपीएस वाट डोळे झाकून धरू नका. आधी सायकल वर ठेवून ती पायी उतरून या. उतरताना सीट 4-5 सेंटिमीटर खाली, दोन्ही पेडल आडव्या रेषेत, टाचा खाली, ब्रेकवर एकेकच बोट, आणि नजर चाकाच्या पुढे सात-आठ मीटरवर. उजवीकडचा ब्रेक पुढचा की मागचा हे भाड्याच्या सायकलीवर आधी तपासा, दोन्ही प्रकारच्या सायकली बाजारात आहेत.

पावसाळा संपता-संपता या वाटांवर एक फसवा काळ येतो. गवत गुडघाभर वाढलेलं असतं आणि धोंडे त्यात झाकलेले असतात. ऑक्टोबरअखेर ते गवत वाळून कुसळ धरतं. कुसळ मोज्यात घुसतं, कॅसेटच्या चकत्यांमध्ये आणि डेरेलरच्या चाकांत गुंडाळलं जातं. लांब मोजे किंवा पायपट्ट्या वापरा, आणि अर्ध्या-पाऊण तासाने कॅसेट बघत चला.

पंक्चरबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण या माळावर सायकल बंद पडण्याचं पहिलं कारण तेच. काटे तीन प्रकारचे. बाभळीचा लांब, सरळ आणि कडक. तो टायर आरपार करतो. बोरीचा वाकडा, टायरच्या कडेला लागतो. आणि सराटा, जमिनीवर पसरलेल्या वेलीचं काटेरी फळ, जे तळ्यांच्या सुकलेल्या काठावर आणि पडीक वावरात सगळीकडे असतं. सराट्याने एका ट्यूबला एकाच वेळी पाच-सहा भोकं पडतात. ठिगळं लावत बसण्यात अर्थ नसतो. वावराच्या कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्या वाऱ्याने वाटेवर येतात, म्हणून कुंपणालगत न जाता वाटेच्या मधून चाला.

टायर ट्यूबलेस करून घेणं, म्हणजे ट्यूब काढून आत भोक बुजवणारा द्रव (सीलंट) घालणं, हा इथला सगळ्यात उपयोगी खर्च. 29 बाय 2.25 च्या टायरला सुरुवातीला 100 मिलिलिटरच्या आसपास सीलंट लागतो. बाटलीवर काही महिन्यांची मुदत लिहिलेली असली तरी मराठवाड्याच्या उन्हात तो दोन-तीन महिन्यांत आटतो. व्हॉल्व्हचा गाभा काढून बारीक काडी आत घाला. ओली निघाली नाही तर 50-60 मिलिलिटर भर घाला. बाभळीचा काटा दिसला तर ओढून काढा आणि भोक जमिनीच्या बाजूला येईल असं चाक फिरवून पाच-दहा सेकंद थांबा, सीलंट तिथे जमून बसतो. सराटे मात्र वाटेत काढायची घाई नको. एकदम दहा भोकं उघडली तर हवा सीलंटच्या वेगापेक्षा भरभर जाते. घरी येऊन एकेक काढा.

ट्यूबच वापरत असाल तर दोन जादा ट्यूब न्या, एक पुरत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट नव्हे, कापडाचा तुकडा फिरवा. तुटलेलं काट्याचं टोक कापडात अडकतं. हे केलं नाही तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. खुलताबादच्या पंक्चरच्या दुकानांत दुचाकीच्या व्हॉल्व्हला बसणारी हवेची नळी असते. चांगल्या एमटीबीला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, त्यावर ती बसत नाही. चिमूटभर वजनाचा पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हलाच लावून ठेवा. 29 ची ट्यूब गावात मिळेल या भरवशावर राहू नका. अगदीच अडलं तर 27.5 ची ट्यूब ताणून बसते आणि शहरापर्यंत पोचवते.

हवेचा दाब 65 ते 75 किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे 20-22 आणि मागे 23-25 पीएसआय. ट्यूब असेल तर पुढे 28-30, मागे 32-35. त्याखाली गेलं की दगडाच्या धारेवर टायर रिमला टेकतो आणि ट्यूबला सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. दुकानदार सवयीने 50 भरून देतात. तेवढ्या हवेत मुरमावर पकड राहत नाही आणि मनगटं दुखून येतात. पुढचा शॉकअप हवेचा असेल तर सायकलवर बसल्यावर तो आपल्या एकूण दबण्याच्या लांबीच्या 20-25 टक्के दबला पाहिजे, म्हणजे 100 मिलिमीटरच्या शॉकअपला 20 ते 25 मिलिमीटर. दांडीवरची रबरी कडी खाली सरकवून हळूच बसा, उतरा आणि मोजा.

पिशवीत एवढं असावं: ॲलन चाव्यांचा जोड, चेनतोड, आपल्या चेनला (मागे जितके गिअर तितक्या स्पीडची) बसणारी मिसिंग लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, आपल्याच फ्रेमचा डेरेलर हँगर, दोन टायर लिव्हर, पंप, ट्यूबलेसचे प्लग. हँगर दर फ्रेमचा वेगळा असतो, मित्राचा आपल्याला बसत नाही. तो शहरातल्या दुकानातही मागवावा लागतो, म्हणून सायकल घेताना बरोबरच घ्यावा.

ब्रेकबद्दल थोडं. बेसॉल्टची ओली भुकटी कानसेसारखं काम करते. रिम ब्रेक असेल तर पावसाळ्यात ती रिम खाते. डिस्कचे रेझिनचे पॅड एका पावसाळ्यात संपू शकतात. पॅडचा मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदला. म्हैसमाळहून डांबरी रस्त्याने उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबा-सोडा करा, नाहीतर पॅड तापून गुळगुळीत होतो आणि खाली पोचेपर्यंत पकड सोडतो.

सगळ्यांसाठी म्हणताना हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलींचाही विचार हवा. गाडवाट सपाट दिसली तरी तिच्या मधे उंचवटा असतो आणि दोन्ही बाजूंना चाकोऱ्या. तीनचाकीची रुंदी बैलगाडीच्या चाकोऱ्यांपेक्षा कमी असल्यामुळे एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर जातं. गाडी तिरपी होते आणि मधले दगड खालून घासतात. त्यामुळे अशा चालकांना म्हैसमाळच्या माथ्यावरचे आतले डांबरी रस्ते आणि त्यांच्या लगतचा कठीण मुरूम एवढंच सुचवता येईल. सोबत एक जण पायी चालणारा हवा. दृष्टिहीन व्यक्तीला जोडसायकलवर मागे बसून खुलताबाद ते म्हैसमाळ हा रस्ता छान होतो. पुढच्याने खड्डा, गिअर आणि ब्रेक आधी बोलून सांगितले पाहिजेत. ई-बाइक चालते, पण 22-25 किलोची सायकल बांधावरून उचलून न्यायची वेळ येते हे ध्यानात ठेवा.

शहरातून खुलताबाद 25 किलोमीटर, तिथून म्हैसमाळ 12. जाऊन-येऊन 75 किलोमीटरच्या आसपास होतात, वर माळावरचं फिरणं वेगळं. सराव असलेल्यांनीच ते एका दिवसात करावं. अडचण अंतराची कमी आणि वाहतुकीची जास्त आहे. देवगिरीजवळ रस्ता जुन्या दरवाजातून जातो, तिथे एका वेळी एकच मोठी गाडी निघते आणि मागचे चालक घाईला आलेले असतात; पुढे घाट. उजाडताना निघालात तर ठीक, दहानंतर नको. बाकीच्यांनी छोटा हत्ती ठरवून सहा-सात सायकली एकदम न्याव्यात. सायकली आडव्या एकमेकींवर रचू नका, डेरेलर वाकतात. उभ्या ठेवून मधे गोधडी घाला आणि डेरेलरची बाजू आत करा.

वार बघून जा. शनिवारी भद्रा मारुतीची गर्दी असते, श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला तर शहरातून रात्रभर पायी येणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र घृष्णेश्वराची. पावसाळ्यातल्या रविवारी म्हैसमाळला मोटारी एकामागे एक लागतात आणि धुक्यात त्यांना सायकल दिसत नाही. लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. आठवड्याच्या मधले वारच उत्तम. पावसाळ्यात माळावर पश्चिमेचा वारा जोराचा असतो, म्हणून आधी पश्चिमेकडे जा, परतताना वारा पाठीशी राहील. फुलांच्या दिवसांत ओल्या गवतावर सायकल घालू नका. पातळ मातीत उगवणाऱ्या कंदांचा तो वर्षातला एकच हंगाम असतो, आणि एका चाकाने पडलेली रेघ पुढच्या पावसाचा ओहोळ होते. वरच्या अंगाला, कन्नडकडे, गौताळा अभयारण्य लागतं. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल नेऊ नका.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर धरा. तीन तासांना दोन लिटर, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. तळ्याचं पाणी जनावरांचं आहे, त्यात चेन धुऊ नका. खाण्यासाठी खुलताबादेत चहा-पोहे आणि तिथला मोठा खाजा, वर हंगामात भाजलेली कणसं, आणि दिवाळीच्या सुमारास दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं. पोटभर जेवण परत खाली आल्यावरच.

कुणी पडलं आणि हात-खांदा हलवता येत नसेल तर उठवून सायकलवर बसवू नका, 108 ला फोन करा. प्राथमिक उपचाराला खुलताबादचं ग्रामीण रुग्णालय, मोठ्या दुखापतीला शहरातलं घाटी रुग्णालय. माळावर पत्ता सांगता येत नाही, म्हणून जवळचं मंदिर, मनोरा किंवा तळं सांगा आणि एकाला डांबरी रस्त्यावर उभं करा. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो. साडेचारनंतर कड्याच्या वाटेला लागू नका, कारण सावलीत धोंड्याची उंची कळत नाही.

घरी आल्यावर पाण्याचा जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर मारू नका. मुरमाची धूळ कोरड्या ब्रशने झाडा, चेन फडक्याने पुसा, दर कडीला एक थेंब तेल द्या, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा. तेल तसंच राहिलं तर पुढच्या खेपेला मुरूम त्यात बसतो आणि चेन महिन्याभरात ताणते.